टेकडीवरची मुकी यंत्रं

बुशैब : ...माझ्यावर डोळे वटारून काही होणार नाही पोरी. साहेब घरी जाताना सांगून गेलेत. चार वाजले की यंत्रांना कामं देण्याचं तुझं वाटप बंद करायचं आणि माझं जुनं सुरू करायचं. मी हुकमाचा ताबेदार.

तुदा : जुन्या वाटपानं आजचा नकाशा कधी पुरा होईल, सी बुशैब? खरं सांगा.

बुशैब : 'सी' लावून मान दिलास तरी उत्तर तेच, होईल की. तू या हवामान कचेरीत यायच्या आधी काय आकाशातून पडत होता?

तुदा : अजानीच्या आधी होईल?

बुशैब : अजानीनंतर होईल. हरीऱ्याचं सूप पिऊन झाल्यावर. भरल्या पोटी आलेली बातमी काय कडू लागते?

तुदा : बोटींना लागते. रोजा सोडला की त्या सुटणार. बंदरावरचा माणूस त्याआधी फळ्यावर जे लिहील, ते खरं. आपला नकाशा पोचला नाही तर तो कालचंच लिहितो, 'समुद्र शांत'.

बुशैब : शांतच आहे. खिडकीतून बघ की, तेलासारखा पडलाय.

तुदा : पश्चिमेकडून लाट निघालीय. सकाळच्या ढोबळ नकाशात दिसली. पण त्या नकाशात अख्खा अगादीरचा किनारा एका चौकोनात मावतो. ती आपल्या बंदराच्या तोंडाशी येणार की बाजूनं निघून जाणार, आज रात्री येणार की उद्या दुपारी, ते बारीक नकाशाशिवाय कळायचं नाही.

बुशैब : मग उचल फोन आणि सांग, लाट येतेय, जाऊ नका.

तुदा : गेल्या हिवाळ्यात तेच केलं होतं ना? ढोबळ नकाशा बघितला आणि बोटी बांधायला लावल्या. मग समुद्र कसा होता?

बुशैब : शेळीसारखा. ऐकलंय मी. मासळी बाजारात अजून म्हणतात, 'तुदाचं वादळ आलं, छत्री घ्या.'

तुदा : तर आज नुसत्या तोंडच्या शब्दावर कोण थांबेल? माझा सख्खा भाऊ थांबणार नाही. बोट त्याची, तांडेल तो, आणि अख्ख्या गल्लीतले पुरुष त्याच्या बोटीवर. माझ्या हातात नकाशा पाहिजे, सी बुशैब.

बुशैब : पाहिजे तर मग होत का नाही? दोन महिने तुझं वाटप घोड्यासारखं धावलं, मी नाही म्हणत नाही. पण रमजान लागला आणि घोड्यानं अंग टाकलं. एकही दिवस नकाशा वेळेत नाही. माझं वाटप कसं सरळ होतं. समुद्राचे तुकडे करायचे आणि तिन्ही घरांना गणिताला सारखे वाढायचे. आपली यंत्रं, मत्स्यसंस्थेची यंत्रं, टेकडीवरच्या कॉलेजातली यंत्रं. शुक्रवारच्या कुस्कुससारखं. परात एक, पण ज्यानं त्यानं आपल्या समोरचं खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही.

तुदा : आणि परातीवर एखादा दात पडलेला म्हातारा असला तर? मत्स्यसंस्थेची यंत्रं तशी आहेत. बाकीचे खाऊन, हात धुऊन बसतात, आणि त्याचं चावून होईस्तोवर परात काही उचलता येत नाही.

बुशैब : वडीलधाऱ्यांसाठी थांबतात माणसं.

तुदा : लाट थांबत नाही. म्हणून मी म्हटलं, आधीच वाढून ठेवू नका. ज्याचा तुकडा संपेल त्यानं येऊन दुसरा न्यावा. चलाख असेल तो जास्त नेईल, मंद असेल तो कमी. आणि कोणी तुकडा घेऊन मटकन बसलंच, तर तो काढून घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा.

बुशैब : तोंडातला घास काढायचा!

तुदा : मेलेल्याच्या तोंडातला. जिवंत यंत्र सारखं 'मी आहे, मी आहे' असा निरोप धाडत असतं. बराच वेळ निरोप आला नाही, की समजायचं बंद पडलं.

बुशैब : मग टेकडीवरची सगळी बंद पडली म्हण. तिघांत तीच नवी, तीच दांडगी, आणि रमजान लागल्यापासून मुकी.

तुदा : तेच तर कळत नाहीये. तुकडा दिला की घेतात. आणि घेतला की लगेच माझ्या पडद्यावर लाल होतात, मेली म्हणून. मग ते तुकडे परत आपल्या आणि त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात.

बुशैब : त्यात न कळण्यासारखं काय आहे? रमजानात काय जोरात चालतं ते सांग. टॅक्सीवाला झोपलाय, टपालवाला भांडतोय, मी सकाळपासून सिगारेटीवाचून अर्धा मेलोय. मलाही लाल करून टाक.

तुदा : यंत्रांना कुठला आलाय रोजा?

बुशैब : यंत्रांना नसेल, त्यांच्या रखवालदारांना आहे. फोन वाजतोय तुझा. 'इद्दर' लिहिलंय. हाच का भाऊ?

तुदा : हाच. माझे हात गुंतलेत, मोठ्यानं ऐकू येईल असा लावा... बोल दादा.

इद्दर : काय गं सरकारी बाई, आज कुठलं वादळ काढलंस? बर्फ भरलाय, जाळं चढवलंय. पोरं तयार आहेत.

तुदा : नकाशा व्हायचाय अजून. थोडा थांब ना.

इद्दर : थांबण्यातच आठवडा गेला. आधी वारा, मग इंजिन. आता ईद तोंडावर आली. घरोघरच्या बायका माझ्याकडं अशा बघतात, जशी मीच सार्डिन लपवून ठेवलीय. आज सोडणार म्हणजे सोडणार.

तुदा : आज नको जाऊस दादा.

इद्दर : हे नकाशा म्हणतोय का तू म्हणतेस?

तुदा : ...मी म्हणते.

इद्दर : मग मिटलं. तुझ्या म्हणण्यावर एकदा बांधली बोट. मी बांधली म्हणून सगळ्यांनी बांधली. अजून लोक मला बघितलं की आभाळाकडं बघतात आणि दात काढतात. परवा बर्फवाल्यानं विचारलं, ती हवामानातली बाई तुझी कोण? म्हटलं, आमच्या गावाकडची असेल कोणीतरी.

बुशैब : अरे बाबा, रोज्याच्या तोंडानं सख्ख्या बहिणीला असं म्हणू नये.

इद्दर : हा कोण मधेच?

तुदा : सी बुशैब. इथले सगळ्यांत जुने. दादा, मला फळा लिहीपर्यंत तरी वेळ दे. किती वाजता लिहितात?

इद्दर : सहाला.

तुदा : जुने सहा की नवे?

इद्दर : नवे गं, रमजानचे! अख्खा देश तासभर मागं गेला, तू कुठं राहिलीस? फळा लिहिणाऱ्या म्हाताऱ्यालाच विचार, त्याच्या मनगटावर अजून जुनीच वेळ... तुदा? ए तुदा!

तुदा : थांब जरा. सी बुशैब, रमजानसाठी घड्याळं मागे गेली तेव्हा तुम्ही आपल्या यंत्रांना काय केलंत?

बुशैब : काय करणार? हातसुद्धा लावला नाही. यंत्राच्या पोटातलं घड्याळ जगात सगळीकडे एकच. आपल्याला दाखवायची वेळ तेवढी बदलते, ती आपली आपण बदलते.

तुदा : आणि टेकडीवर? तिथं कोण बघतं?

बुशैब : तिथं मिलूद म्हणून एक नवा चिकटलाय. मोठा कामसू. रमजानच्या आदल्या दिवशी भेटला तर सांगत होता, सगळी घड्याळं लावून ठेवली, मशिदीतलं, वर्गातली...

तुदा : यंत्रांची?

बुशैब : ...सगळी म्हणाला.

इद्दर : तुम्ही घड्याळजीचं दुकान काढलंय का तिथं? मी ठेवू फोन?

तुदा : नको ठेवूस. नाही, ठेव. मी करते.

इद्दर : कर नाहीतर राहू दे. फळ्यावर 'शांत' आलं की रोजा सोडून मी निघालो.

तुदा : सी बुशैब, इकडे या. हा निरोप टेकडीवरून आला. आत्ता, तुमच्यासमोर आला. त्याच्यावर वेळ कुठली लिहिलीय?

बुशैब : चष्मा... एक तासापूर्वीची. अरे देवा.

तुदा : यंत्र बिचारं ओरडतंय, 'मी आहे!' आणि माझं वाटप म्हणतंय, हा निरोप तासापूर्वीचा, म्हणजे तू केव्हाच गेलास. पहिल्या रोज्यापासून आपण जिवंत माणसांच्या मयती उरकतोय!

बुशैब : त्या मिलूदला मी टेकडीवरून खाली लोटतो. लाव फोन.

तुदा : लावला. वाजतोय नुसता.

बुशैब : कोण असणार? तीन वाजता कॉलेज सुटलं. शिपाईसुद्धा शबाकियाच्या मिठाईच्या रांगेत उभा असेल.

तुदा : राहू दे. मिलूदची चूक अर्धीच. अर्धी माझी.

बुशैब : तुझी कशी?

तुदा : दुसऱ्याच्या घड्याळावर मी विसंबले कशाला? निरोप माझ्या दारात कधी आला, ते माझ्या घड्याळात बघायचं. त्यानं वर काय लिहिलंय त्याच्याशी मला काय करायचंय? प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायचीय. टेकडीवर जायचीही गरज नाही.

बुशैब : चालत्या बैलगाडीचं चाक बदलणं म्हणतात याला. एका ओळीनं किती कचेऱ्या बसलेल्या बघितल्यात मी! साहेबांना विचार आधी.

तुदा : विचारलं असतं. त्यांचा फोन बंद आहे.

बुशैब : झोपलेत. आणि चार वाजायला आलेत.

तुदा : वाटप बदलायची चावी तुमच्याकडे आहे, सी बुशैब. तुम्ही फिरवलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण मग मत्स्यसंस्थेचा तो म्हातारा चावत बसणार, आणि माझा भाऊ जाणार.

बुशैब : तुम्ही सूस खोऱ्यातली दुकानदार माणसं! बोलता गोड, आणि गिऱ्हाईक दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही.

तुदा : सी बुशैब...

बुशैब : ऐक. इतकी वर्षं मी तिघांना सारखं वाढलं. का, ठाऊक आहे? कोणाच्या साहेबानं तक्रार करू नये म्हणून. नकाशा लवकर व्हावा हे माझ्या मनातही नव्हतं. खोटं कशाला बोलू? बदल तुझी ती ओळ.

तुदा : आणि चारचं काय?

बुशैब : चारला असरची नमाज असते. नमाज सोडून मी चाव्या फिरवत बसू? साहेबांना तसं सांगेन. बदल लवकर.

तुदा : बदलली... आता बघा. टेकडीकडे बघा.

बुशैब : लालच आहेत.

तुदा : थांबा.

बुशैब : लालच आहेत गं. मी म्हटलं नव्हतं? आता आपलीही बंद... अरे. अरे, ते एक हिरवं झालं. ते बघ, दुसरं! ही सगळी ओळ!

तुदा : झाली! सगळी जिवंत आहेत!

बुशैब : सलाम आलेकुम म्हणावं त्यांना. उठले कबरीतून.

तुदा : तुकडे न्यायला लागली. किती भरभर नेतायत बघा.

बुशैब : मी नमाज पढून आलो, तर आता तोंड का पाडलंस?

तुदा : नेतायत, पण उरलेत किती! पश्चिमेची अख्खी बाजू कोरी आहे. सकाळपासून ते तुकडे मी टेकडीला देत होते आणि काढून घेत होते. आता टेकडीनं कितीही दम लावला तरी सहाच्या आत होणार नाही. थोडक्यात राहणार, सी बुशैब. अगदी थोडक्यात.

बुशैब : एक विचारू? टेकडीवरची यंत्रं मेली नव्हती, तर मग सकाळपासून करत काय होती?

तुदा : काम. दिलेले तुकडे सोडवत होती.

बुशैब : आणि सोडवून?

तुदा : उत्तर धाडत होती. पण ते उत्तरही तासापूर्वीचं दिसायचं, मेलेल्याकडून आलेलं. म्हणून आपलं यंत्र ते टाकून देत होतं, कचऱ्यात. आणि कचरा तासातासाला पुसायला मीच लावला होता, जागा अडते म्हणून. गेलं ते सगळं.

बुशैब : गेलं नाही.

तुदा : म्हणजे?

बुशैब : पुसणं मी बंद केलंय. पहिल्याच आठवड्यात.

तुदा : काय?

बुशैब : आता ओरडू नकोस. रस्त्यात पाव पडला असला तर आपण तुडवून जातो का? उचलतो, ओठांना लावतो, एखाद्या भिंतीवर ठेवतो. कोणाच्या तरी, निदान पाखरांच्या तरी मुखी लागेल. यंत्रानं एवढं राबून काढलेलं उत्तर असं पुसून टाकायचं, मला ते बघवेना. जागा अडली तर बघू म्हटलं. तुला सांगितलं नाही, कारण तू तुझं ते 'नियम म्हणजे नियम' सुरू केलं असतंस.

तुदा : सगळी आहेत? आजचीसुद्धा?

बुशैब : उघडून बघ ना. ती उत्तरं बरोबर तरी आहेत का पण?

तुदा : एक ताडून बघते. हा तुकडा टेकडीनंही केला आणि नंतर आपणही केला. हे त्यांचं, हे आपलं...

बुशैब : जुळतंय?

तुदा : तंतोतंत. आणि हा दुसरा. हाही. सी बुशैब, हे तर दुपारीच करून ठेवलंय त्यांनी! अख्खी पश्चिम बाजू! रोज वेळेच्या आधी करत होती ती, आणि आपण रोज...

बुशैब : रडतेस की हसतेस?

तुदा : मला नाही माहीत. मला वाटत होतं माझी पद्धतच चुकलीय. रोज घरी जाऊन मी छताकडे बघत पडायची. वाटायचं, दोन महिने नशिबानं धावली, आता उघडी पडली.

बुशैब : पद्धत बरी होती. शेजारी मुका नव्हता, आपणच बहिरे होतो. पूस डोळे आणि भर ते तुकडे. पाच वाजून गेलेत.

तुदा : भरतेय... भरतेय. झालं. पुरा झाला. या, बघा.

बुशैब : मला रंग दिसतात, अर्थ तू सांग.

तुदा : हा आपला बांध. हे बंदराचं तोंड. मध्यरात्रीपर्यंत काही नाही, सगळं निळं. मग पहाटे... अगदी तोंडाशी. इथं उथळ आहे, म्हणून लाट उभी राहते. बाहेर खोल समुद्रात कोणाला पत्ताही लागणार नाही. भरलेल्या बोटी आत शिरायला लागतील, तेव्हा ती पाठीमागून उचलणार.

बुशैब : अल्ला रक्षण करो. आणि उद्या?

तुदा : उद्या दुपारपर्यंत ओसरते. एक रात्र. फक्त आजची रात्र. बंदरावर पाठवते आधी. ...गेलं. आता दादा.

इद्दर : बोल. फळ्यापाशीच उभा आहे. म्हातारा खडू घेऊन आलाय.

तुदा : तो 'शांत' लिहिणार नाही, दादा. आता पोचलं असेल त्याच्याकडे. पहाटे बंदराच्या तोंडाशी लाट आहे. तुझ्या केबिनच्या छपराच्या वर जाईल एवढी.

इद्दर : नकाशा म्हणतोय का तू?

तुदा : नकाशा म्हणतोय. आणि मीही म्हणतेय.

इद्दर : गेल्या खेपेलाही तुला अशीच खात्री होती.

तुदा : नव्हती. गेल्या खेपेला मी घाबरले होते. तू बाहेर जाणार होतास म्हणून घाबरले होते, आणि त्या भीतीलाच खात्री म्हटलं. ते चुकलंच माझं. आज घाबरून सांगत नाहीये. दिसतंय म्हणून सांगतेय. तू जाताना तुला काही लागणार नाही. समुद्र असाच तेलासारखा असेल, मासळीही भरपूर मिळेल. परत येशील, बोट काठोकाठ भरलेली, दिवे दिसायला लागतील, आणि तिथं...

इद्दर : कळलं.

तुदा : दादा?

इद्दर : कळलं म्हटलं ना. तोंडाशी उथळ आहे, मला शिकवतेस? थांब, फोन धर... ए! इंजिन बंद कर! बंद कर म्हणतो ना! जाळं उतरवा. हो, आत्ताच. शिव्या उद्या घाला, आत्ता जाळं उतरवा!

बुशैब : हे सगळं बंदर ऐकत असेल.

तुदा : ऐकू दे.

इद्दर : बाकीचे माझ्याकडं बघतायत. दोघांनी दोर परत बांधले. ठेवतो मी.

(मगरिबची अजान होते.)

बुशैब : बिस्मिल्ला. घे, खजूर घे. दूधही आहे माझ्या थर्मासमध्ये. तू काय नुसती पाण्यावर रोजा सोडणार होतीस? बस खाली.

तुदा : गोड लागतोय किती! सी बुशैब, तुमची सिगारेट?

बुशैब : खिशात आहे. गंमत बघ, दिवसभर तिच्यासाठी जीव जात होता, आणि आत्ता आठवलीच नाही. एक सांग. लाट आलीच नाही तर?

तुदा : तर हसतील परत. हसू देत. मला आज झोप लागेल.

बुशैब : उद्या साहेबांसमोर मी बोलेन, तू गप्प बस. तू खरं बोलायला जाशील आणि 'अर्धी चूक माझी' म्हणशील. साहेबांना अर्ध्या चुका समजत नाहीत. वाटप तुझंच राहणार. आणि त्या मिलूदला मी चहाला बोलावतो. पोरगं कामसू आहे, नुसतं रागावून बिघडवायला नको.

तुदा : खाली लोटणार होतात ना?

बुशैब : ते उपाशीपोटी. परत फोन तुझा. भाऊच.

तुदा : दादा? काय झालं? कोणी गेलं का बाहेर?

इद्दर : कोणी नाही गेलं. अख्खं बंदर बांधलेलं आहे, एकाला एक खेटून. मी घरी आहे. वाडगा पुढ्यात ठेवून बोलतोय, तुझी वहिनी रागावतेय.

तुदा : मग जेव ना. फोन कशाला?

इद्दर : काही नाही. येताना बर्फवाला भेटला. म्हणाला, फळा तर आत्ता लिहिला, तू त्याच्या आधीच इंजिन बंद केलंस, तुला कोणी सांगितलं?

तुदा : मग तू काय म्हणालास?

इद्दर : म्हटलं, माझ्या बहिणीनं.